हालेचे मिशन-वृत्तान्त आणि पहिले देशी पाद्री : एक परीक्षण

तंजावरच्या भोसल्यांच्या इतिहासाचीं साधनें धुंडाळितांना मोडी कागद, शिलालेख आणि इंग्रज कंपनीचीं दप्तरें यांकडे आमच्या अभ्यासकांचें लक्ष सहज जातें. परंतु त्याच राज्याच्या कडेला, तरंगमपाडी बंदरांत बसून जर्मन पाद्र्यांनीं शंभरांहून अधिक वर्षें जें लिहून स्वदेशीं धाडिलें, तें 'मिशनऱ्यांचें लिखाण' एवढ्याच शेऱ्यावर बहुधा बाजूस सारलें जातें. हा शेरा आम्हांस अन्यायाचा वाटतो. मात्र या लिखाणावर डोळे मिटून विसंबणारांचा पक्षही आम्हांस तितकाच अमान्य आहे.

ज्या ग्रंथाविषयीं आम्ही बोलत आहों, तो 'हालेचे वृत्तान्त' या नांवानें ओळखला जातो. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक यानें धाडिलेले त्सीगेनबाल्ग व प्लुत्शाव हे दोन पाद्री ९ जुलै १७०६ रोजीं तरंगमपाडीस उतरले. त्यांचीं पत्रें व दैनंदिन्या जर्मनींतील हाले येथें आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांच्या अनाथाश्रमाच्या छापखान्यांतून १७१० पासून प्रसिद्ध होऊं लागल्या. १७७२ पर्यंत असे १०८ भाग नऊ खंडांत बाहेर पडले. पुढें दुसरी माला सुरू झाली, ती १८४८ पर्यंत चालली. राजाश्रय डेन्मार्कचा, माणसें व शिक्षण हालेचें, आणि पैसा, छापखाना व कागद यांचा मोठा वांटा लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीचा, अशी ही तीन ठिकाणची जुळणी होती. परदेशांत पाद्री तयार करण्याचा खर्च स्वदेशींच्या भाविकांच्या देणग्यांतून चालत असे, आणि त्या भाविकांस आपला पैसा कोठें गेला हें दाखविण्यासाठींच हे वृत्तान्त छापले जात. देणगी गोळा करणारा हात आणि मजकूर निवडणारा हात एकच होता, ही गोष्ट परीक्षकानें क्षणभरही विसरतां कामा नये.

याचा दाखला जवळच आहे. त्सीगेनबाल्ग यानें १७१३ मध्यें दक्षिणेकडील देवदेवतांची वंशावळ मोठ्या कष्टानें लिहून हालेस पाठविली. फ्रांके यांस ती छापणें इष्ट वाटलें नाहीं. अखेर १८६७ मध्यें ती मद्रासेस प्रसिद्ध झाली. मधलीं दीडशें वर्षें ती हस्तलिखितरूपानेंच पडून होती. आपसांतील तंटे, अधिकाऱ्यांशीं झालेले खटके, जें जें देणगीदाराच्या मनांत किंतु आणील, तें छापण्यापूर्वीं गाळण्याची रीत होती, हें हाले येथील मूळ कागद व छापील पान शेजारीं ठेविले असतां अभ्यासकांस दिसून आलें आहे. एखाद्या बखरीच्या पांच नकला ताडून पाहिल्याखेरीज जो एक ओळ मान्य करीत नाहीं, तोच संशोधक छापील जर्मन पानापुढें मात्र मान तुकवितो, याचें आम्हांस नवल वाटतें.

देशी पाद्र्यांच्या बाबतींत तर पाठाची ही अडचण दुणावते. १७१६ मध्यें तरंगमपाडीस उपदेशक व पंतोजी तयार करण्याची पाठशाळा निघाली. तींतून व मिशनच्या इतर शाळांतून शिकलेले उपदेशक गांवोगांव हिंडत, परतल्यावर आपल्या फेरीची हकीकत तमिळ भाषेंत सांगत किंवा ताडपत्रावर लिहून देत. पाद्री तिचें जर्मन करीत. हालेचा संपादक तिला कात्री लावी. आणि मग ती देणगीदाराच्या हातीं पडे. मुखांतून पानावर येईपर्यंत तिनें किती हात पाहिले, याची गणती वाचकांनींच करावी.

हे देशी उपदेशक इतके अगत्याचे कां झाले, याचें उत्तर धर्मोत्साहांत शोधण्याची चाल आहे. आमच्या मतें तें भूगोलांत व राजकारणांत आहे. डेन लोकांचा मुलूख म्हणजे १६२० मध्यें तंजावरच्या नायकाकडून मिळविलेला किनाऱ्याचा एक चिंचोळा तुकडा. नायकांमागून मराठे गादीवर आले, आणि त्या तुकड्याच्या वेशीबाहेर पाऊल टाकलें कीं भोसल्यांचें राज्य लागे. त्सीगेनबाल्ग १७०९ मध्यें तंजावरास जावयास निघाला, तेव्हां त्यास वाटेंतूनच परत फिरावें लागलें. गोऱ्या पाद्र्यास जी वेस बंद, ती तमिळ उपदेशकास मोकळी होती. राज्यांतील खेड्यांत ख्रिस्ती कुटुंबें वाढत गेलीं. त्यांस बाप्तिस्मा व प्रभुभोजन कोणीं द्यावें हा प्रश्न पडला. आणि तेव्हां पैसा देणारांस व घेणारांस दोघांसही देशी माणसास दीक्षा देण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. तंजावरच्या दरबारानें आपली वेस राखली नसती, तर ही दीक्षा आणखी किती लांबली असती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

ती दीक्षा २८ डिसेंबर १७३३ रोजीं झाली. दीक्षित आरोन हा कडलूरचा, वेळ्ळाळ जातीचा; १७१८ मध्यें त्याचा बाप्तिस्मा झाला होता. भोसल्यांच्या राज्यांत मायवरमच्या बाजूस तो १७४५ मध्यें मरेपर्यंत काम करीत राहिला. श्वार्ट्झचें नांव सरफोजीमुळें आमच्या सर्व वाचकांस परिचित आहे. परंतु श्वार्ट्झ हिंदुस्थानांत उतरला १७५० मध्यें, म्हणजे आरोनच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं. तंजावरच्या मुलखांतील वाट आरोन व त्याचे सोबती यांनीं आधींच मळविली होती.

दुसरी दीक्षा १७४१ सालची, आणि वृत्तान्ताची खरी कसोटी येथें लागते. उमेदवार दोन : दियोगो आणि राजनायकन्. राजनायकन् हा परैयर जातीचा, जन्मानें रोमन पंथाचा, तंजावरच्या फौजेंतला माणूस. छापील तमिळ शुभवर्तमान वाचून त्याचें मन पालटलें व तो तरंगमपाडीच्या पाद्र्यांस येऊन मिळाला; तंजावरच्या बाजूस मंडळी उभी राहिली ती मुख्यतः त्याच्या खटपटीनें. तरी दीक्षा मिळाली दियोगोस. परैयर पाद्र्याच्या हातून वरच्या जातींतले ख्रिस्ती प्रभुभोजन घेण्यास कचरतील, ही अडचण पाद्र्यांनीं स्वतःच नोंदवून ठेविली आहे. राजनायकन् अखेरपर्यंत उपदेशकच राहिला. देवापुढें सर्व सारखे असें शिकविण्यासाठीं ज्या देणग्या येत, त्यांच्याच हिशेबांत ही नोंद बसत नाहीं; आणि म्हणूनच ती आम्हांस विश्वसनीय वाटते. लिहिणाराच्या हिताविरुद्ध जाणारें विधान लिहिणाराच्याच लेखणींतून उतरावें, याहून बळकट पुरावा आमच्या शास्त्रांत क्वचितच मिळतो. उलट, दीक्षासमारंभांतील अश्रू व आनंद यांच्या वर्णनांस आम्ही निम्मेंच मोल देऊं.

हाइके लीबाउ या विदुषींनीं या देशी सहकाऱ्यांवर २००८ मध्यें जर्मनमध्यें ग्रंथ लिहिला, व त्याचें इंग्रजी रूपही २०१३ सालचें असल्यानें तो मिळण्यास कठीण नाहीं. पाद्र्यांच्या चरित्रांवरून नजर काढून ती उपदेशक, पंतोजी व दुभाषे यांच्याकडे वळविण्याचें काम त्यांनीं केलें, हें मोठेंच होय. परंतु त्यांचा विषय मिशन हा आहे. भोसल्यांचें राज्य ही त्या चित्राची पार्श्वभूमि. तीच पुढें आणून पाहणारा अभ्यासक आम्हांस हवा आहे. हाले येथील मिशन-दप्तरांत दैनंदिन्या व पत्रें आहेत, तशींच तमिळ ताडपत्रेंही आहेत. आरोन ज्या गांवांतून फिरला तेथील अंमलदार, जकात, दुष्काळ, लष्कराची ये-जा यांचे उल्लेख त्या दैनंदिन्यांतून वेंचून काढावे, छापील पाठाशीं ताडून पाहावे, आणि तुकोजी व प्रतापसिंह यांच्या कारकीर्दीच्या इतर साधनांशेजारीं मांडावे. त्यासाठीं तमिळ, जर्मन व मोडी अशीं तिन्ही अक्षरें वाचणारा माणूस पाहिजे. एक न मिळाल्यास तिघांनीं मिळून बसावें. आरंभ १७३३ ते १७४१ या आठ वर्षांच्या कागदांपासून करावा, अशी आमची सूचना आहे.