चार इंजिनांचा अग्निबाण आणि बावीस एकरांचे मैदान

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात अग्निबाणाची एक तरी प्रतिकृती असतेच. थर्मोकोल, पुठ्ठा आणि चंदेरी कागद वापरून ती केलेली असते. तिच्या शेजारी उभा असलेला विद्यार्थी पाठ केलेली चार वाक्ये म्हणतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमापाशी थांबतो. हा अग्निबाण उडत नाही, म्हणून तो चुकतही नाही. या पार्श्वभूमीवर खरोखर उडणाऱ्या मॉडेल रॉकेटच्या संचांचे आम्हाला आकर्षण वाटते. त्यांतला एक प्रकार मात्र नीट तपासून पाहायला हवा. दोन, तीन किंवा चार इंजिने एकत्र बांधून उडवायचा, मध्यम शक्तीचा संच तो हा. तपासताना कसोटी एकच ठेवू. बेचाळीसच्या लढ्यातील हुतात्म्यांमुळे सर्वांना माहीत असलेल्या आष्टीत, म्हणजे वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एखाद्या शिक्षकाने हा संच हाती घेतला, तर त्याच्या विद्यार्थ्यांच्या पदरात काय पडेल?

संचाची मूळ कल्पना

मॉडेल रॉकेटचा जन्म धोक्यातून झाला. १९५७ साली स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतील अनेक मुले लोखंडी नळीत दारू ठासून घरगुती अग्निबाण बनवू लागली. त्यात अपघात होऊ लागले. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या लहान शहरातील बुटांचे दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल यांनी त्याआधीच, १९५४च्या सुमारास, कागदी नळीचे आणि बदलता येणाऱ्या इंजिनाचे एक मॉडेल तयार केले होते. क्षेपणास्त्रांच्या क्षेत्रात काम करणारे हॅरी स्टाइन यांनी ती कल्पना उचलून धरली. तिचे सार तीन नियमांत सांगता येईल : दारूला मुलांनी हात लावायचा नाही, इंजिन कारखान्यातच भरून यायचे; सांगाडा कागद, लाकूड व प्लॅस्टिक यांचाच, धातूचा नाही; आणि पेटवायचे ते दुरून, विजेच्या तारेने.

हे तीन नियम म्हणजेच या छंदाचे खरे यश आहे, असे आमचे मत आहे. उंची, आवाज, धूर या गोष्टी त्यानंतर येतात.

इंजिनावरचा आकडा

अशा इंजिनावर ‘डी१२-५’ यासारखी खूण असते. अक्षर एकूण आवेग सांगते. ‘डी’ म्हणजे १० ते २० न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते : ‘ई’ ४० पर्यंत, ‘एफ’ ८० पर्यंत, ‘जी’ १६० पर्यंत. १२ हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. ५ म्हणजे जळण संपल्यावर हवाई छत्री बाहेर फेकणारा छोटा स्फोट होईपर्यंतचे सेकंद. एका ओळीत तीन भौतिक राशी! विद्यार्थ्याला हे वाचता येणे म्हणजे बल, काळ आणि आवेग यांचा संबंध कळणे. संचाची ही बाजू निःसंशय चांगली आहे.

प्रत्येकी सुमारे १७ न्यूटन-सेकंदांची चार इंजिने एकत्र बांधली, की एकूण आवेग ६८ होतो, म्हणजे एका ‘एफ’ इंजिनाइतका. मग एकच मोठे इंजिन का वापरू नये? कारण चार लहान इंजिने एकत्र पेटताना शोभिवंत दिसतात, हे एक. आणि मोठ्या अग्निबाणांतही हीच युक्ती असते, हे दुसरे. आपल्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाच्या द्रवइंधन टप्प्यात दोन ‘विकास’ इंजिने शेजारी-शेजारी असतात. पीएसएलव्हीच्या एक्सएल प्रकारात कमरेला सहा बूस्टर असतात. त्यांतील चार जमिनीवर पेटतात आणि दोन उड्डाणानंतर हवेत.

एक पेटले नाही तर?

खरी गंमत, आणि खरा धोका, येथे सुरू होतो. समजा, अग्निबाणाचे वस्तुमान ७०० ग्रॅम आहे, म्हणजे वजन सुमारे ७ न्यूटन. चार इंजिनांचा सरासरी रेटा ४८ न्यूटन. वर नेणारे बल ४१ न्यूटन, त्वरण सुमारे ५८ मीटर प्रतिसेकंद वर्ग. एक मीटर लांबीच्या सळईवरून तो सुटेल तेव्हा त्याचा वेग सुमारे ११ मीटर प्रतिसेकंद असेल. (सुरुवातीचा रेटा सरासरीपेक्षा जास्त असतो, ते सध्या बाजूला ठेवू.) दोनच इंजिने पेटली तर रेटा २४, त्वरणही सुमारे २४ आणि सळई सोडतानाचा वेग ७ मीटर प्रतिसेकंद.

अकरा आणि सात यांत फार फरक नाही असे वाटेल. पण शेपटीच्या पंखांना अग्निबाण सरळ ठेवण्यासाठी मिळणारे बल वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. १२१ आणि ४९ यांची तुलना करा; बल निम्म्याहून कमी झाले. शिवाय ४ मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा असेल, तर पहिल्या अग्निबाणावर हवा सुमारे २० अंशांच्या कलाने येईल, दुसऱ्यावर ३० अंशांच्या. तो वाऱ्याकडे तोंड वळवील आणि तिरका धावेल.

आता फिरवणाऱ्या परिणामाचा, म्हणजे आघूर्णाचा हिशेब. चार इंजिने चौकोनात बसवली असता प्रत्येकाचा मध्य अक्षापासून सुमारे १.८ सेंटिमीटरवर येतो. एक पेटले नाही, तर १२ गुणिले १.८, म्हणजे सुमारे २२ न्यूटन-सेंटिमीटरचे आघूर्ण उरते. दोन पेटली नाहीत तर किती? उत्तर ‘कोणती दोन’ यावर ठरते. समोरासमोरची असतील तर शून्य. शेजारशेजारची असतील तर सुमारे ३१. हा प्रश्न वर्गात घालून पाहावा. ‘दोन बंद पडणे एकापेक्षा वाईटच’ असे बहुतेक मुले म्हणतील आणि तेथून चर्चा रंगेल.

मोठ्या अग्निबाणांचा इतिहासही हाच धडा देतो. सोव्हिएत संघाच्या एन-१ या चांद्रप्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यात ३० इंजिने होती. एक बिघडले की समोरचेही बंद करणारी यंत्रणा होती. तरीही १९६९ ते १९७२ या काळातील चारही उड्डाणे फसली. उलट अपोलो-१३ च्या वेळी, एप्रिल १९७० मध्ये, दुसऱ्या टप्प्यातील पाचांपैकी मधले इंजिन लवकर बंद पडले. ते नेमके अक्षावर होते, म्हणून उरलेल्या चारांनी जास्त वेळ जळून काम भागवले. २४ मार्च १९८७ रोजी आपल्या एएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात बाजूचे दोन बूस्टर जळून संपल्यावर मधला टप्पा पेटलाच नाही.

संच कोठे कमी पडतो

आमचा आक्षेप असा, की हे सारे ज्ञान संचात दडलेले असूनही संच ते विचारत नाही. सोबतच्या पत्रकात साधारणपणे क्रमवार सूचना असतात : हे येथे चिकटवा, ते तेथे बसवा. वेष्टनावर जास्तीत जास्त उंचीचा आकडा ठळक असतो. ती मोजायची कशी, हे नसते. डी वर्गाच्या एका इंजिनाचे वस्तुमान ४० ग्रॅमहून थोडे अधिक असते. चार इंजिने शेपटीत बसली की गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि तो दाबमध्याच्या पुढे राहिला तरच अग्निबाण स्थिर उडतो. हा तोल संच बनवणाऱ्याने आधीच साधून ठेवलेला असतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त गोंद येतो.

तीच गोष्ट विजेच्या जोडणीची. प्रत्येक इंजिनातली ठिणगीची तार पेटायला २ अँपिअर प्रवाह लागतो असे धरू. चार तारा एकसर जोडल्या, तर पहिली जळताच मंडल तुटेल आणि उरलेल्या थंड राहतील. म्हणून त्या समांतर जोडाव्या लागतात. मग एकूण ८ अँपिअर हवेत. पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध ते देऊ देत नाही, मोटारसायकलची बॅटरी देते. पत्रकात ‘मोठी बॅटरी वापरा’ एवढीच सूचना असेल, तर ओहमचा नियम शिकवण्याची इतकी चांगली संधी वाया गेली. तसेच, एक तार १०० पैकी ९५ वेळा पेटते असे धरले, तर चारही पेटण्याची संभाव्यता ०.९५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.८१. पाच उड्डाणांपैकी एक फसणार! विद्यार्थ्यांनी हे आधी काढले, तर फसलेले उड्डाणही त्यांना गणिताची पडताळणी वाटेल.

आष्टीच्या शिवारात

अमेरिकेतील राष्ट्रीय रॉकेट संघटनेच्या सुरक्षा नियमांनुसार एवढ्या शक्तीच्या अग्निबाणाला सुमारे ३०० मीटर लांब-रुंद मोकळी जागा लागते. म्हणजे ९ हेक्टर, सुमारे २२ एकर. शाळेचे मैदान त्यापुढे अंगणाएवढे. २०० मीटरवरून ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने उतरणारी छत्री ४० सेकंद हवेत राहील, आणि ४ मीटरच्या वाऱ्यात १६० मीटर दूर जाईल. सोयाबीन निघाले तरी शेजारी कपाशी उभी असते. उन्हाळ्यात रान मोकळे असते, पण वाळलेले गवत आणि पऱ्हाटीचे ढीग एका ठिणगीची वाट पाहत असतात. संत्र्याच्या बागेत पडलेला, एक इंजिन न पेटता भरलेलेच राहिलेला अग्निबाण उचलायला कोणते पोर आधी धावेल, हेही शिक्षकाने डोळ्यांपुढे आणावे.

कायद्याचा प्रश्न वेगळाच. इंजिनातले प्रणोदक स्फोटक असते. स्फोटके बनवणे, आयात करणे, साठवणे यांवर १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली परवान्याचे बंधन आहे. हे काम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आष्टीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नागपुरातच आहे. एकट्या शाळेने इंजिने मागवणे म्हणूनच आम्हाला मान्य नाही. आणि ‘इंजिन मिळत नाही, तर घरी बनवू’ किंवा ‘दिवाळीचे चार बाण एकत्र बांधू’ हे तर मुळीच नाही. तसे केले, की कार्लाइल आणि स्टाइन यांनी ज्या अपघातांपासून मुलांना दूर नेले, तेथेच आपण परत जातो. डॉ. वसंत गोवारीकरांसारख्या शास्त्रज्ञांनी घन प्रणोदकावर प्रयोगशाळेत कित्येक वर्षे खर्च केली. ते शाळेच्या ओसरीवर करण्याचे काम नव्हे.

मग काय करावे?

दोन-तीन इंजिनांचे सर्व गणित पाण्याच्या अग्निबाणावर करता येते. सरबताच्या प्लॅस्टिकच्या तीन सारख्या बाटल्या एकत्र बांधाव्यात, एकाच खटक्याने सोडाव्यात, सायकलच्या पंपाने माफक हवा भरावी. बाटल्या ओरखडा नसलेल्या असाव्यात, डोळ्यांवर चष्मा असावा आणि दोरी दुरून ओढावी. मुद्दाम एका बाटलीत पाणी कमी घेऊन पाहावे. अग्निबाण कोणत्या बाजूला कलेल याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा. उडवण्यापूर्वी सांगाडा गुरुत्वमध्यापाशी दोरीने बांधून डोक्याभोवती फिरवावा. टोक पुढे राहिले तर तो स्थिर. उंची कोनमापक आणि ओळंब्याने मोजावी. ठिणगीच्या तारांऐवजी टॉर्चचे चार बल्ब समांतर जोडून प्रवाह मोजावा.

दारूवर चालणारा संच पाहायचाच असेल, तर परवानगी, मोकळे मैदान आणि जाणकार यांची सोय असलेल्या ठिकाणी मुलांना न्यावे. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात ‘इन-स्पेस’च्या पुढाकाराने विद्यार्थ्यांच्या मॉडेल रॉकेटची स्पर्धा झाली, तशी सोय विदर्भात व्हावी, अशी मागणी शिक्षकांनी संघटितपणे करायला हवी. नागपूर जवळ असण्याचा आष्टीला तेवढा तरी फायदा व्हावा.

चार इंजिनांचा संच वाईट नाही. पण एका शाळेला तो न झेपणारा आहे आणि त्यातले उत्तम प्रश्न त्याने पत्रकाबाहेर ठेवले आहेत. ते प्रश्न उचलायला कोणताही संच विकत घ्यावा लागत नाही.