आपण राहतो ‘सिंहासन’मध्ये, शेवट मागतो ‘सामना’चा

भ्रष्ट राजकारण्यांना होणारी शिक्षा पुरेशी आहे का, हा प्रश्न मराठी माणूस कायद्याच्या पुस्तकातून शिकलेला नाही. तो शिकला सिनेमातून. त्यातही दोन सिनेमांतून. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आलेला ‘सामना’ आणि १९७९ चा ‘सिंहासन’. दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल, दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि दोन्हींत श्रीराम लागू व निळू फुले. पुढाऱ्याचा चेहरा कसा असतो, तो पाहुण्याला कसा बसवतो, फोनवर कसा बोलतो, हे सगळं आपल्या डोक्यात या दोन सिनेमांनी भरलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट भरली, तिच्याकडे मात्र आपण फारसं पाहिलेलं नाही. पुढाऱ्याच्या पापाचा शेवट कसा व्हायला हवा, याचं चित्र.

ते चित्र ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत नेऊन ठेवलं, तर काय दिसतं?

आधी सिनेमे. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. गाव त्याचं, पोलीस त्याचे, सहकार त्याचा. त्याच्या वाड्यावर एक दारुडा, एकेकाळी स्वातंत्र्यलढ्यात असलेला मास्तर येऊन पडतो आणि एकच प्रश्न धरून बसतो. मारुती कांबळेचं पुढे झालं काय? मारुती कांबळे म्हणजे फौजेतून गावी परतलेला आणि मग गावातून नाहीसा झालेला माणूस. मास्तरांकडे ना पद, ना पुरावा. पण प्रश्न विचारत राहिल्याने हिंदुरावाच्या सत्तेला तडे जातात.

हा सिनेमा आपण कसा लक्षात ठेवला? लागू आणि निळूभाऊंची जुगलबंदी म्हणून. नावच ‘सामना’, त्यामुळे तसं होणं साहजिक होतं. पण मास्तर हिंदुरावाला काय विचारतात, ते नीट पाहा. तुला शिक्षा कधी होणार, असं ते विचारत नाहीत. जो गेला त्याचं काय झालं, असं विचारतात. प्रश्नाचा कर्ता हिंदुराव नाही, मारुती कांबळे आहे. मोहन आगाशेंनी केलेली ही भूमिका पडद्यावर फार वेळ नाही, पण सगळा सिनेमा त्या रिकाम्या जागेभोवती फिरतो. प्रेक्षकांनी मात्र रिकामी जागा सोडली आणि वाड्यावरचा माणूस उचलला. निळूभाऊंनी हिंदुरावाला दिलेला रुबाब इतका जबरदस्त होता की त्याचं पडणं हेच समाधान वाटलं.

‘सिंहासन’ हे समाधानही देत नाही. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवरचा हा सिनेमा निनावी फोनने सुरू होतो आणि मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे व अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्या डावपेचांतून पुढे सरकतो. आरोप होतात, आमदार फिरतात, संप होतो, तस्कर येतात. शिक्षा कोणालाच होत नाही, खुर्ची हलते आणि पुन्हा बसते. हे सगळं पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस शेवटी रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. साक्षीदाराला वेड लागतं, आरोपीला काहीही होत नाही. तेव्हा अनेकांना हा शेवट अतिरेकी वाटला असेल. आज तो फक्त वास्तववादी वाटतो.

आपली अडचण अशी की आपण राहतो ‘सिंहासन’मध्ये आणि शेवट मागतो ‘सामना’चा.

आता मुरबाड. इथे साखरसम्राट कधी झाले नाहीत. इथला राजकीय पैसा जमिनीत, वीटभट्टीत, रेतीत आणि ठेक्यांत फिरतो. सगळ्यात मोठा ठेका पाण्याचा. शहापूर तालुक्यातून तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं. तानसा तर १८९२ पासून. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. शेजारच्या मुरबाडमध्ये काळू नदीवर, महानगर प्रदेशाची तहान भागवायला, आणखी एक धरण ठरलं. २०११ साली कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने भिंतीचं काम सुरू केलं. वनजमीन हजार हेक्टरच्या घरात जाणार होती, पण १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालची मंजुरी हातात नव्हती. वनहक्क कायद्यात ग्रामसभेची संमती लागते, ती नव्हती. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ साली कामाला स्थगिती मिळाली.

त्याच वर्षी राज्यात सिंचन घोटाळा गाजला. मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्राने वादळ उठलं. सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्री अजित पवारांनी राजीनामा दिला. श्वेतपत्रिका आली आणि डिसेंबरमध्ये ते पुन्हा त्याच पदावर आले. माधवराव चितळे समिती नेमली गेली. सरकार बदललं, आणि कोकणातल्या बाळगंगा, कोंढाणे, काळू अशा धरणांच्या निविदांची चौकशी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेली. बाळगंगा प्रकरणात २०१५ साली गुन्हा दाखल झाला. विदर्भातल्या प्रकरणांत, पवारांवर जबाबदारी येत नाही असं शपथपत्र याच विभागाने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये नागपूर खंडपीठात दिलं. सिंचन प्रकरणात कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं नाही, हेही इथेच नोंदवायला हवं.

या सगळ्या काळात वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी एकच प्रश्न विचारला. अमुक आत जाणार का? हा हिंदुरावाचा प्रश्न झाला. काळूच्या काठावरचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मास्तरांच्या प्रश्नाच्या जवळ जातो. जे खोदलं गेलं, जे तोडलं गेलं, त्याचं पुढे झालं काय? जिथे संमती घ्यायचीच राहून गेली, तिथे ती न घेण्याची किंमत कोणी मोजली? प्रकल्पाची फाईल मात्र नंतरही वर येत राहिली.

शिक्षा कमी आहे का, हे कागदावर पाहिलं तर उत्तर ‘नाही’ असंच येईल. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाचेला किमान तीन ते कमाल सात वर्षं, आणि गुन्हेगारी गैरवर्तनाला चार ते दहा वर्षं आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं आठवं कलम दोषी माणसाला कैदेचा काळ आणि सुटकेनंतर सहा वर्षं निवडणुकीपासून लांब ठेवतं. अपील केलं की आमदारकी टिकायची ती पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली लिली थॉमस खटल्यात बंद केली. पण त्याच २०१८ च्या दुरुस्तीने १७-अ हे कलमही आणलं. लोकसेवकाने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी. दाराची कडी आतल्या माणसाच्या हातात.

याच्या शेजारी गावचा कायदा ठेवून पाहा. शहापूर-मुरबाडमधल्या ग्रामपंचायतीचा सदस्य घरपट्टी थकली म्हणून अपात्र ठरू शकतो. तिसरं मूल झालं म्हणून ठरू शकतो, शौचालय वापरत नाही म्हणून ठरू शकतो. गैरवर्तनासाठी सरपंचाला विभागीय आयुक्त कलम ३९ खाली काढून टाकू शकतात, त्यासाठी फौजदारी खटल्याचा निकाल लागावा लागत नाही. हे सगळं वाईट आहे असं नाही. पण पाचशे घरांच्या गावाचा हिशेब ज्या काटेकोरपणे घेतला जातो, तो शेकडो कोटींच्या धरणापाशी येऊन सैल का पडतो? सरपंचाला अपात्र ठरवायला एक थकीत पावती पुरते. मंत्र्याला अपात्र ठरवायला तपास, मंजुरी, आरोपपत्र, खटला आणि दोषसिद्धी, एवढं सगळं लागतं.

आणि हे सगळं घडलं, तरी काय मिळतं? मोठ्या पुढाऱ्याला मोठी शिक्षा झाल्याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण जळगावच्या घरकुल खटल्याचं. गरिबांसाठी अकरा हजारांवर घरं बांधायची योजना होती, त्यातली बहुतेक उभी राहिलीच नाहीत. २००६ साली तक्रार झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं कैद आणि शंभर कोटींचा दंड झाला. पुढे अपील झालं, जामीन मिळाला. ‘सामना’चा शेवट मागणाऱ्यांना इथे तो मिळाला होता. निकालाच्या बातम्या वाचल्या तर नावं, वर्षं आणि दंडाचे आकडे भरपूर सापडतात. ज्यांना घर मिळायचं होतं, त्या कुटुंबांविषयी मात्र जवळजवळ काहीच सापडत नाही. मुलं मोठी होऊन भाड्याच्या खोलीतून बाहेर पडावीत, एवढा काळ तक्रार आणि निकाल यांत गेला.

अ. र. अंतुले यांचं प्रकरण तर त्याहून जुनं. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात न्या. लेंटिन यांचा निकाल आल्यावर जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. खटला कोणी आणि कुठे चालवायचा यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन गाजलेले निकाल झाले, १९८४ आणि १९८८ साली. दोषसिद्धी झालीच नाही, आणि नव्वदच्या दशकात अंतुले केंद्रात मंत्री झाले. वकिलीच्या विद्यार्थ्यांना त्यातून मोलाचा कायदा मिळाला. ज्यांना तेव्हा घर बांधायला सिमेंट मिळालं नव्हतं, ते या निकालांत कुठेही नाहीत.

कायद्याच्या नजरेत भ्रष्टाचाराचा बळी कोण? सरकार. दंड जातो तिजोरीत. दंडाच्या रकमेतून पीडिताला भरपाई द्यायची तरतूद फौजदारी प्रक्रियेत जुनी आहे, आणि भ्रष्टाचारातून आलेली मालमत्ता जप्त करण्याची सोय २०१८ नंतर थेट भ्रष्टाचारविरोधी कायद्यातच आली आहे. पण घोटाळ्यात पीडित म्हणून पाड्याचं, ग्रामसभेचं किंवा वस्तीचं नाव लिहिण्याची पद्धतच आपल्याकडे नाही. त्यामुळे ‘सामना’ पाहताना प्रेक्षकाने जे केलं, तेच कायदा करतो. वाड्यावरच्या माणसाकडे टक लावून बसतो आणि मारुती कांबळेची जागा रिकामी ठेवतो.

तेंडुलकर आणि साधू यांच्याकडून याहून जास्त मागणं योग्य नाही, असं कुणी म्हणेल. मान्य. ‘सिंहासन’ने मंत्रालयाचं दालन दाखवलं, ते तोवर कुणी इतक्या जवळून दाखवलं नव्हतं. दाखवणाऱ्याने सगळंच दाखवावं असा नियम नाही. तक्रार त्यांच्यानंतरच्या आपल्या लिखाणाविषयी आहे. पुढारी रंगवणं सोपं होतं, कारण निळूभाऊंनी साचा तयार करून दिला होता. आपले राजकीय सिनेमे, मालिका आणि कादंबऱ्या तो साचा वापरत राहिल्या. पुढारी अधिक गोरा झाला, गाडी बदलली, फार्महाऊस आलं. अटकेच्या प्रसंगी पार्श्वसंगीत वाढलं. पण अटकेनंतरचं गाव फारसं कुठे आलं नाही. अर्धवट भिंत, तिच्या पायथ्याशी राहणारे ठाकर-कातकरी, आज स्थगिती आहे की उठली हे तहसीलदार कचेरीत जाऊन विचारणारा तरुण, आणि खाली धरणाचं पाणी असताना वर टँकरची खेप मोजणारी बाई, यांच्यावरची कलाकृती आपल्याला अजून हवी आहे.

तशी कलाकृती आली तर शिक्षेचं मोजमाप बदलेल. किती वर्षं आत, याच्यापुढे परत काय आलं, हा रकाना उघडेल. वर्षं मोजणं गैर नाही. हिंदुराव आत गेलाच पाहिजे, आणि १७-अ सारख्या कड्या सैल झाल्याच पाहिजेत. पण सात वर्षांची दहा केली, दहाची जन्मठेप केली, तरी मुरबाडच्या डोंगरात काही परत येत नाही. घोटाळ्याच्या आरोपपत्रात नुकसान कोणाचं आणि ते भरून कसं देणार, हे पहिल्या पानावर लिहावं लागलं, तर तपास करणाऱ्याला मुंबईच्या दालनातून उठून काळूच्या काठापर्यंत यावं लागेल.

मास्तरांनी नेमकं तेवढंच केलं होतं. ते हिंदुरावाच्या पाहुणचारात राहिले, त्याची दारूही प्यायले, पण विचारताना नाव मारुती कांबळेचं घेतलं. ‘सामना’ पुन्हा पाहाल तेव्हा हिंदुरावावरून नजर काढून तेवढं एकच ऐका.