विनोदातील मतभेदाचा अवकाश

अल्पसंख्य समाजाविषयीच्या विनोदाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाशी थांबते : हसणारा कोण आणि हसे कोणाचे? भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले. स्वतः हसणे हा पहिला, दुसऱ्यास हसविणे हा दुसरा. याच धर्तीवर समाजाने स्वतःवर केलेला विनोद तेवढा अस्सल आणि इतरांनी केलेला तो उपहास, अशी विभागणी करण्याचा मोह होतो. पाश्चात्त्य देशांतील मुस्लिम जीवनावरच्या दोन दूरचित्रवाणी मालिका ही विभागणी अपुरी ठरवितात.

झरका नवाझ यांची ‘लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी’ (२००७–२०१२) कॅनडातील मर्सी या काल्पनिक गावात घडते. तेथील मशीद चर्चच्या भाड्याच्या सभागृहात भरते. नमाजाच्या जागी स्त्रीपुरुषांमध्ये आडोसा असावा की नसावा, यावरून आरंभीच्या एका भागात वाद पेटतो. कर्मठ बाबर आग्रह धरतो. हिजाब घालणारी डॉक्टर रय्यान तितक्याच श्रद्धेने विरोध करते. तरुण इमाम अमार कात्रीत सापडतो. याच प्रश्नावर नवाझ यांनी २००५ मध्ये ‘मी अँड द मॉस्क’ हा अनुबोधपट केला होता. येथील हास्य धर्मातून नव्हे, तर एकाच धर्माच्या दोन प्रामाणिक अर्थांच्या टकरीतून उपजते.

बर्मिंगहॅममधील ‘सिटिझन खान’ (२०१२–२०१६) या मालिकेचा नायक स्वयंघोषित समाजनेता आहे. पहिल्याच भागात त्याची मुलगी वडिलांची चाहूल लागताच डोके झाकून कुराणवाचनाचे सोंग आणते. या प्रसंगाविषयी बीबीसीकडे तक्रारी झाल्या. आदिल रे हे निर्मातेही त्याच समाजातले. परंतु सोंगाला उत्तर देणारी दुसरी धार्मिक भूमिका प्रसंगात नसल्याने व्यक्तीचा दोष समाजाची खूण होऊन बसतो. तात्पर्य, निर्मात्याचे जन्मस्थान निर्णायक नाही. कलाकृतीत त्या समाजाला आपसांत भांडता येते की नाही, हे निर्णायक आहे.

हा निकष मराठी मुलखात आणला, की भाषेचा प्रश्न पुढे येतो. मर्सीत सारे इंग्रजीत भांडतात. १९४८ पर्यंत निजामी राज्यात असलेल्या आणि १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेल्या जालन्यात मुस्लिम घराची बोली दखनी, शिक्षणाची भाषा उर्दू वा मराठी, बाजाराची मराठी. शिवाय हा समाज मर्सीतल्यासारखा नवागत नाही. तो शतकानुशतकांचा रहिवासी आहे. तरीही मराठी रंजनात मुस्लिम पात्र पुष्कळदा एकटेच येते आणि लिंगवचनाच्या चुकांवर हशा मिळवून जाते. ज्या बोलीला हसू येते, तिच्यातील ‘नक्को’ आणि जोर देणारा ‘च’ मराठीशी असलेल्या दीर्घ सहवासाची साक्ष देतात. दखनीला सुलेमान खतीब (१९२२–१९७८) यांच्यासारख्या कवींची समृद्ध विनोदी परंपराही आहे. मराठी प्रेक्षक ज्याला परक्याची चूक समजून हसतो, ती बव्हंशी त्याच्याच भाषेची उसनवार असते.

म्हणून मराठी मालिकेत मुस्लिम पात्र आणल्याने उदारता सिद्ध होत नाही. दुसरे मुस्लिम पात्र आणून त्याला पहिल्याशी, दोघांच्या बोलीत, असहमत होऊ दिले पाहिजे. तेव्हाच प्रेक्षक बोलीला हसणे सोडून वादाला हसू लागेल. आणि त्या वादात आपल्या घरातले वादही त्याला ओळखू येतील.