लोणारच्या काठावर दोन ओळी

दहावीच्या विज्ञानात श्वसनाच्या दोन ओळी मुलं घोकतात. पहिली लांब: ग्लुकोजचा एक रेणू अधिक ऑक्सिजनचे सहा, मग बाण, पलीकडे कार्बन डायऑक्साइडचे सहा, पाण्याचे सहा, आणि शेवटी ‘ऊर्जा’. दुसरी आखूड: ग्लुकोजचा एक रेणू, बाण, लॅक्टिक आम्लाचे दोन, आणि थोडी ऊर्जा. दोन-तीन गुणांपुरत्या या ओळी पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. कवितेइतक्याच सावकाश वाचाव्यात, अशा त्या आहेत.

आधी आखूड ओळ घेऊ. बाणाच्या अलीकडचे अणू मोजा: कार्बन सहा, हायड्रोजन बारा, ऑक्सिजन सहा. पलीकडे मोजा, तेवढेच. बाहेरून काही आलं नाही, बाहेर काही गेलं नाही. एक रेणू दुभंगला, अणूंनी जागा बदलल्या, आणि तेवढ्यावर पेशीची वेळ निभावली. मुरघासाच्या खड्ड्यात हिरव्या मक्याची कुट्टी दाबून, हवा काढून झाकतात, तेव्हा आतले जिवाणू हीच ओळ गिरवत असतात. तयार झालेल्या आम्लामुळे चारा कुजत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे १६०० मीटर धावतात आणि शेवटच्या टप्प्यात जीव तोडून वेग वाढवतात, तेव्हा मांडीच्या स्नायूंचा बराच भार या ओळीवर येतो.

मिळकत मात्र तुटपुंजी. १८० ग्रॅम ग्लुकोज पुरतं जळालं तर सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते. लॅक्टिक आम्लावर थांबलं तर ४७ च्या आसपास. बाकीची त्या आम्लातच राहते. चुलीतून अर्धवट जळालेलं लाकूड बाजूला काढून ठेवावं, तसं ते आम्ल शरीर जपतं. यकृत त्यातलं बरंच उचलून पुन्हा ग्लुकोज घडवतं.

लांब ओळ वाचताना मात्र आपण सगळेच फसतो. ऑक्सिजन बाणाच्या अलीकडे, ग्लुकोजला खेटून उभा, आणि पलीकडे कार्बन डायऑक्साइड. मग वाटतं, श्वासातला ऑक्सिजन कार्बनला जाऊन चिकटला असेल. तसं होत नाही. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो. नाकातून घेतलेला ऑक्सिजन पेशीतल्या तंतुकणिकेत शिरतो आणि सगळ्यात शेवटी कामाला येतो. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन हातोहात खाली उतरत येतात. त्या उतरणीच्या बळावर तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यापलीकडे हायड्रोजनचे आयन साठतात. ते परत येताना एक इवलंसं यंत्र जात्यासारखं फिरवतात आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, पडतं. रांगेच्या टोकाला उभा असलेला ऑक्सिजन थकलेले इलेक्ट्रॉन पदरात घेतो आणि पाणी होतो. समीकरणात पहिल्या ओळीला बसवलेल्या पाहुण्याचं खरं काम असं शेवटच्या पंगतीला. पूर्ण लिहायचं तर बाणाच्या अलीकडेही पाण्याचे सहा रेणू हवेत आणि पलीकडे बारा. पुस्तकं दोन्हीकडचे सहा-सहा छाटतात. हिशेब जुळतो, पण गोष्ट हरवते.

आणि ही लांब ओळ सुरू कुठून होते? पेशीद्रवात, ऑक्सिजनशिवाय. ग्लुकोज फुटून पायरुविक आम्ल होईपर्यंतच्या दहा पायऱ्या दोन्ही ओळींना सारख्याच. तिथे हाती येतात दोन एटीपी. पुढचा मोठा नफा धरून पुस्तकात एकूण ३८ मांडतात. आजचा अंदाज ३० ते ३२ चा आहे. म्हणजे आखूड ओळ ही लांब ओळीची गरीब बहीण नव्हे. लांब ओळ तिच्याच ओसरीतून घरात शिरते.

या ओळी मी बुलढाणा जिल्ह्यात वाचतो, आणि इथे लोणार आहे. बेसाल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर; तळाशी खारट, अत्यंत अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे मीठ मानवणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. रंग सगळ्यांनी पाहिला. मला ओढ काठच्या काळ्या गाळाची. तिथे कुजक्या अंड्यासारखा वास येतो. गाळात ऑक्सिजन पोचत नाही, पण इलेक्ट्रॉन घ्यायला कुणीतरी लागतंच. काही जिवाणू ते सल्फेटच्या हवाली करतात. आपल्याकडे टोकाला पाणी होतं, त्यांच्याकडे हायड्रोजन सल्फाइड. तो वास म्हणजे त्यांचा उच्छ्वास. आघारकर संस्थेतल्याच अभ्यासकांनी इथल्या गाळातून मिथेन करणारा सूक्ष्मजीवही वेगळा केला आहे. पाठ्यपुस्तकाच्या दोन ओळींत हे दोघंही मावत नाहीत. रांग तशीच, टोकाचा धनी वेगळा.

परतताना विवराचा चढ लागतो. मी भराभर चढलो. छाती भात्यासारखी चालू होती, मांड्या भरून आल्या होत्या. दोन्ही ओळी एकाच वेळी अंगात चालल्या होत्या. गोमुखाच्या धारेपाशी थांबून ओंजळभर गोडं पाणी प्यालो. चपलेला लागलेल्या गाळाचा वास तोवर गेला नव्हता.