'हेमाडपंती' ही संज्ञा व मंदिरांचे अलंकरण

घाटंजीच्या परिसरातच नव्हे, तर सबंध विदर्भात काळ्या पाषाणाचे कोणतेही जुने देऊळ दिसले की त्यास 'हेमाडपंती' म्हणण्याचा प्रघात आहे. ही संज्ञा सोयीची खरी. परंतु तिच्यामुळे दोन दोष संभवतात.

पहिला दोष कालाचा. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. उलटपक्षी, अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. दोन शतके आधीच्या वास्तूचे श्रेय उत्तरकालीन मंत्र्यास देणे इतिहासास धरून नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर होय. चुन्यावाचून दगडावर दगड बसविणे, हेच या शैलीचे लक्षण मानल्याने शिल्पकाम हा केवळ वरून चढविलेला साज ठरतो. लोणारचे दैत्यसूदन मंदिर पाहणाऱ्यास मात्र ही समजूत सोडावी लागते. तेथील तारकाकृती तलविन्यासामुळे भिंतीस जे कोन पडतात, त्यांच्याच आधाराने मूर्ती उभ्या आहेत. तिरप्या उन्हात कोनाची सावली शेजारच्या मूर्तीस उठाव देते. येथे अलंकार रचनेतूनच उद्भवला आहे.

या संदर्भात जपानमधील निक्को येथील तोशोगू देवस्थानाचे उदाहरण उद्बोधक ठरेल. तोकुगावा इएयासूच्या स्मरणार्थ १६१७ मध्ये स्थापन झालेले हे स्थान त्याचा नातू इएमित्सू याने १६३६ मध्ये वैभवाने पुन्हा उभारले. तेथील एकट्या योमेइमोन द्वारावर पाचशेहून अधिक कोरीव आकृती आहेत. १९३३ मध्ये जपानला आलेले जर्मन वास्तुविशारद ब्रूनो टाउट यांनी कात्सुरा प्रासादाच्या साधेपणाचा गौरव करून निक्कोची सजावट सत्तेचे प्रदर्शन म्हणून त्याज्य ठरविली. हा निर्णय एकांगी आहे. कारण दमट डोंगरी हवेत लाखेचा लेप लाकडाचे रक्षणही करतो. तथापि, अलंकार कोणाच्या सेवेत आहे, हा त्यांचा प्रश्न मोलाचा आहे.

तोच प्रश्न विदर्भातील प्रत्येक लहानमोठ्या देवळापुढे मांडला गेला पाहिजे. एकाच नावाखाली सर्व देवळे जमा केली की त्यांचे तलविन्यास, स्तंभ व द्वारशाखा यांची स्वतंत्र नोंद घेण्याची निकड कोणास भासत नाही. आणि नोंद नसलेली वास्तू ढासळली, तर तिच्यासोबत तिचा पुरावाही नाहीसा होतो. म्हणून अभ्यासकाने प्रथम मोजमाप घ्यावे. नामकरण मागाहून करावे.