बहिणीने लिहिलेला संत

संतचरित्र लिहिणाऱ्याची मोठी अडचण अशी की, शेवट त्याला आधीच ठाऊक असतो. नायक पुढे संत होणार म्हटल्यावर त्याच्या बालपणीच्या साध्या कृतींवरही तेजोवलय चढू लागते, आणि घरची माणसे तर पहिल्या पानापासूनच हात जोडून उभी असतात! धर्मग्रामांच्या ग्रंथालयांत अशी चरित्रे काही कमी नाहीत. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी पिएर जॉर्जो फ्रासाती या इटालियन तरुणाची संत म्हणून घोषणा केली. त्या निमित्ताने त्याच्या बहिणीने, लुचाना फ्रासाती यांनी, त्याच्यावर लिहिलेल्या पुस्तकांकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. मूळ लेखन इटालियन. इंग्रजीतून ‘अ मॅन ऑफ द बीटिट्यूड्स’ आणि ‘माय ब्रदर पिएर जॉर्जो : हिज लास्ट डेज’ ही दोन आपल्याला वाचता येतात.

चरित्राची रूपरेषा थोडक्यात सांगतो. पिएर जॉर्जोचा जन्म १९०१ मध्ये तुरीन शहरी झाला, लुचानाबाईंचा १९०२ मध्ये. वडील आल्फ्रेदो हे ‘ला स्ताम्पा’ या वृत्तपत्राचे संस्थापक. पुढे जर्मनीत इटलीचे राजदूत. घर श्रीमंत आणि प्रतिष्ठित. भक्तीचे वातावरण मात्र बेताचेच. मुलगा लॅटिनमध्ये नापास झाला, जेज्वीटांच्या शाळेत गेला, खाणकामगारांत राहून काम करता यावे म्हणून खाण अभियांत्रिकी शिकू लागला. १९१८ मध्ये तो संत विन्सेंट दी पॉल सोसायटीत दाखल झाला आणि गरीब कुटुंबांच्या घरी जाऊ लागला. ४ जुलै १९२५ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पोलिओने त्याचा अंत झाला. आजाऱ्यांच्या सेवेतच हा रोग त्याला जडला असावा, असे डॉक्टरांना पुढे वाटले.

आता साहित्याच्या दृष्टीने. ‘अ मॅन ऑफ द बीटिट्यूड्स’ हे पुस्तक सलग चरित्र नव्हे. त्यात मित्रांच्या, ओळखीच्यांच्या, त्याचा हात ज्यांना लागला त्यांच्या साक्षी गोळा केल्या आहेत. अशा पुस्तकाला एक दोष चिकटतोच. तीच गोष्ट निरनिराळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा ऐकावी लागते आणि मधली काही पाने वाचकाची परीक्षा पाहतात. भावाच्या पत्रांबाबतही बाईंचा हात संपादकाचा कमी आणि जतन करणाऱ्या नातलगाचा अधिक वाटतो. काहीच टाकून द्यायला मन धजत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’वर पोसलेल्या मराठी वाचकाला आणखी एक उणीव जाणवेल. लक्ष्मीबाई आपल्या पतीच्या थोरवीला जसा मधूनच प्रेमाचा चिमटा काढतात, तसा चिमटा लुचानाबाईंना काढता येत नाही. मृत्यूची सावली त्यांच्या लेखणीवरून हटत नाही.

परंतु दुसरे पुस्तक हाती घेतले की हे आक्षेप गळून पडतात. ते जवळजवळ केवळ एका आठवड्याचे आहे. घरात वृद्ध आजी मरणपंथाला लागलेली, सारे तिच्याभोवती. तरण्याबांड मुलाचे अंग दुखते आहे, याकडे आरंभी कोणी फारसे लक्ष देत नाही. १ जुलैला आजी गेली आणि तीनच दिवसांनी नातू. घरच्यांना तो आजार कळला नाही आणि तो मुलगाही कळला नव्हता, हे लिहायला बहिणीचीच लेखणी हवी होती. परक्याने लिहिले असते तर तो आरोप झाला असता. आईवडिलांना ते लिहवले नसते. त्या स्वतःला या दोषातून वगळत नाहीत. मी तर म्हणेन, भावाविषयीची त्यांची कृतज्ञता विश्वसनीय वाटते ती येथेच. ती स्तुतीच्या मार्गाने आलेली नाही. आपण ज्याच्याबरोबर एका छताखाली वाढलो त्याला ओळखण्यात आपण कमी पडलो, या जाणिवेतून ती आली आहे.

आणि मग तो ३ जुलैचा प्रसंग. शुक्रवार होता, सोसायटीच्या भेटींचा वार. पिएर जॉर्जोने बहिणीला आपल्या जाकिटातून काही वस्तू आणायला सांगितल्या : इंजेक्शनांची डबी आणि गहाणवटीची एक पावती. अर्धांगाने निकामी होत चाललेल्या हाताने त्याने मित्रासाठी चिठ्ठी लिहिली. इंजेक्शने अमुक गृहस्थाची, पावती तमुक गृहस्थाची, तिची मुदत वाढवून घ्यावी, पैसे माझ्या नावावर. अक्षर मोडके, हिशेब मात्र चोख. त्याच्याजवळ जमाखर्चाची एक लहानशी वही असे. घराबाहेर काढलेल्या वृद्धेसाठी मिळवलेली खोली, क्षयरोग्यासाठी मिळवलेली खाट, आजारी विधवेच्या तीन मुलांचा सांभाळ अशी त्याची कामे होती. या कुटुंबांकडे पाहा, असे अखेरच्या दिवसांत त्याने सांगितले ते बहिणीलाच.

आपल्या धार्मिक लेखनात ‘गोरगरीब’ हा शब्द पुष्कळदा पार्श्वभूमीला टांगलेल्या पडद्यासारखा येतो. त्याला चेहरा नसतो, पत्ता नसतो, दुखणे नसते. संताचा दयाळूपणा उठून दिसावा एवढेच त्याचे काम. लुचानाबाईंच्या पानांत गरिबाला आडनाव आहे, त्याचे औषध वेगळे आहे, त्याची गहाण वस्तू सोडवायची तारीख आहे. सोसायटीच्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. कुणाच्या घरचे रेशन संपले, कुणाच्या मुलीची फी थकली हे ज्यांना तोंडपाठ असते, त्यांना या चिठ्ठीची भाषा आपलीच वाटेल.

अंत्ययात्रेच्या दिवशी तुरीनचे रस्ते गरिबांनी भरून गेले. घरच्यांना तेव्हा आपला मुलगा कळला, आणि त्या गरिबांपैकी पुष्कळांना आपला हा मित्र कोणत्या घरचा होता ते! दोन्ही बाजू एकाच वेळी चकित झाल्या. कादंबरीकाराने रचले असते तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

हे काम केले नसते तर लुचानाबाईंचे नाव निराळ्या कारणाने उरले असते. पोलिश मुत्सद्द्याशी विवाह झालेल्या या बाई दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातील पोलंडमध्ये वारंवार गेल्या आणि जनरल सिकोर्स्की यांच्या पत्नीला त्यांनी तेथून बाहेर काढले. भावाला धन्यवादित घोषित केलेले १९९० साल त्यांनी पाहिले. २००७ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, त्या वारल्या. संतपदाची घोषणा मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही.

कोणी हे लेखन मराठीत आणू म्हणेल तर अखेरच्या दिवसांचे पुस्तक आधी घ्यावे. साक्षींचे मोठे पुस्तक निम्म्यावर आणले तरी चालेल. फक्त संक्षेप करताना इंजेक्शने, गहाणवटीची पावती आणि जमाखर्चाची वही यांना कात्री लावू नये.