देह, दांडू आणि यंत्र : हालचाल ओळखणाऱ्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या स्पर्धेचे चिकित्सक वाचन

बीजसंज्ञा : गतिसंवेदन, व्हिडिओ गेम कन्सोल, आंगिक अभिनय, विटीदांडू, गल्लीतील क्रिकेट.

नाटक, तमाशा, चित्रपट या दृश्यकलांच्या समीक्षेला मराठीत दीर्घ परंपरा आहे. व्हिडिओ गेमकडे मात्र समीक्षेच्या दृष्टीने क्वचितच पाहिले गेले. त्याची चर्चा होते ती मुलांचे डोळे, अभ्यास आणि वाया जाणारा वेळ या काळजीच्या संदर्भात. ही काळजी निराधार नाही. परंतु तिच्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला राहतो. खेळणाऱ्याच्या शरीराकडून यंत्र नेमके काय मागते आणि त्या शरीरातले काय स्वीकारते? २००६ ते २०१४ या काळात निन्टेन्डो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांमध्ये हालचाल ओळखणाऱ्या नियंत्रकांवरून जी स्पर्धा झाली, तिचे वाचन प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अंगाने केले आहे.

या स्पर्धेची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. निन्टेन्डोच्या यंत्रासाठी १९८९ मध्ये निघालेला 'पॉवर ग्लोव्ह' हा हातमोजा किंवा सेगाचे १९९३ मधील 'ॲक्टिव्हेटर' हे प्रयोग फसले होते. सोनीने २००३ मध्ये प्लेस्टेशन २ साठी 'आयटॉय' हा कॅमेरा काढला. त्यात खेळणाऱ्याची स्वतःची प्रतिमा पडद्यावर दिसे. तथापि बटणांचा नियंत्रक हेच प्रमुख साधन राहिले. निन्टेन्डोने सप्टेंबर २००५ मध्ये टोकियो येथे दूरचित्रवाणीच्या रिमोटसारखा दिसणारा एका हाताचा नियंत्रक दाखविला आणि नोव्हेंबर २००६ मध्ये 'वी' हे यंत्र बाजारात आणले. सोनीने त्याच वर्षी मे महिन्यात प्लेस्टेशन ३ च्या नियंत्रकात कल ओळखण्याची सोय जाहीर केली. ती घाईने केलेली तडजोड होती, हे तिच्या अल्प वापरावरून पुढे स्पष्ट झाले. खरी उत्तरे आली ती २०१० मध्ये : सप्टेंबरमध्ये सोनीचे 'प्लेस्टेशन मूव्ह' आणि नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टचे 'किनेक्ट'.

तिन्ही यंत्रे 'हालचाल ओळखतात' असे म्हटले जात असले तरी त्यांच्या ओळखण्याच्या रीती एकमेकींपासून फार भिन्न आहेत. वीच्या नियंत्रकात त्वरणमापक असतो. हात किती जोराने व कोणत्या दिशेने झटकला गेला, एवढेच त्याला कळते. हात अवकाशात नेमका कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते. नियंत्रकाच्या टोकाला एक अवरक्त कॅमेरा असून तो टीव्हीजवळ ठेवलेल्या पट्टीतील दिवे पाहतो. गंमत अशी की, त्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणतात, परंतु ती स्वतः काहीही संवेदत नाही. ती केवळ प्रकाश देते. मूव्हच्या टोकाला रंगीत प्रकाशाचा गोळा असतो आणि समोरचा कॅमेरा त्या गोळ्याच्या दिसणाऱ्या आकारावरून अंतर काढतो. कोन आणि वळण यांसाठी आत घूर्णदर्शी व अन्य संवेदक असतात. किनेक्टमध्ये हातात काहीच नसते. ते समोरच्या खोलीवर अवरक्त ठिपक्यांची जाळी टाकते, त्या जाळीच्या विस्कटण्यावरून खोली मोजते आणि तीतून मानवी देहाचा वीस सांध्यांचा सांगाडा तयार करते.

या तीन रीतींमधील भेद समजून घेण्यासाठी भरताच्या नाट्यशास्त्रातील लोकधर्मी आणि नाट्यधर्मी या दोन संज्ञा उपयोगी पडतात. लोकव्यवहारात क्रिया जशी घडते तशीच दाखविणे ते लोकधर्मी; ठरलेल्या संकेताने ती सूचित करणे ते नाट्यधर्मी. तमाशातील राजा रंगमंचावर एक फेरी मारतो आणि दुसऱ्या गावी पोहोचतो. पाहणाऱ्यांपैकी कोणीही त्याच्या पावलांचे अंतर मोजत नाही. 'वी स्पोर्ट्स' या २००६ च्या खेळातील टेनिसचे स्वरूप याच जातीचे आहे. खेळाडूला धावावे लागत नाही. पडद्यावरील बाहुला आपोआप धावतो. खेळाडूने योग्य क्षणी हात झटकला की फटका झाला. सोफ्यावर रेलून केवळ मनगट हलवूनही सामना जिंकता येतो, हे अनेकांनी या खेळाचे वैगुण्य मानले. तो आक्षेप वरवरचा वाटतो. ज्यांनी कधी नियंत्रकाला हात लावला नव्हता अशा आजी-आजोबांनीही तो खेळ खेळला, त्याचे कारण हा संकेत सोपा, उदार आणि चुका पोटात घालणारा होता हेच आहे. वीची जगभरातील विक्री दहा कोटींच्या वर गेली. त्या काळातील गतिसंवेदी खेळांपैकी कलाकृती म्हणून टिकेल असा एक निवडायचा झाला, तर 'वी स्पोर्ट्स' हाच निवडावा लागेल.

सोनीने याच्या उलट मार्ग धरला. निन्टेन्डोचा संकेत अपुरा आहे, आपण हात जसाच्या तसा टिपतो, असा मूव्हचा दावा होता. हा दावा तांत्रिकदृष्ट्या बराचसा खरा होता आणि त्यातच त्याची अडचण होती. येथे महाराष्ट्रातील एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. मुंबईच्या ट्राइन गेम्स या संस्थेने प्रथम २०१० मध्ये 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' हा बटणांवर चालणारा खेळ केला आणि २०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' काढला. भारतीय खेळाडूच्या अंगवळणी पडलेली क्रिया म्हणजे बॅट फिरविणे. तिच्यासाठी मूव्हसारखे साधन अधिक योग्य वाटावे, ही निवड स्वाभाविक होती. पण बॅट फिरविणे ही केवळ हाताची क्रिया नाही. पुढचा पाय किती टाकला, डोके चेंडूवर आहे का, वजन मागच्या टाचेवर राहिले का, यावर फटका ठरतो. हातातील गोळ्याला मनगट कळते, पाय कळत नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. दिवाणखान्यात हाच वेग ठेवला तर खेळच होणार नाही, म्हणून चेंडू मंद करावा लागतो. मंद चेंडू आला की लोकधर्मी दावा तेथेच सैल होतो. मग हाताची अचूक नोंद घेऊनही खेळ अखेर संकेतावरच उभा राहतो, फक्त तो संकेत वीइतका उदार नसतो.

गल्लीतील क्रिकेटचे वैशिष्ट्य त्याच्या शारीरिक कौशल्यापेक्षा नियमांच्या वाटाघाटीत आहे. एक टप्पा आउट, कंपाउंडबाहेर मारला तर बाद, ज्याची बॅट त्याची पहिली फलंदाजी, हे नियम रोज नव्याने ठरतात आणि भांडणातून बदलतात. यंत्रात नियम आधीच लिहिलेले असतात. संवेदक कितीही सूक्ष्म झाला तरी भांडण त्याला टिपता येत नाही. हीच मर्यादा हैदराबादच्या गेमशास्त्र या संस्थेने २००९ मध्ये केलेल्या 'देसी अड्डा' या खेळसंचातही जाणवते. कबड्डी, विटीदांडू, पतंग यांना यंत्रात आणण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता, परंतु तो बटणांवरचा होता. विटीदांडूत विटी पायावर, मुठीवर, डोळ्यावर ठेवून टोलविण्याचे प्रकार असतात. वकट, लेंड, मूंड ही मोजणी गावोगाव बदलते, पण प्रत्येक अंकाला शरीराची एकेक जागा नेमून दिलेली असते. असा देहावर अंक मोजणारा खेळ बटणांत उतरविताना त्याचा गाभाच गळून पडतो. तो गतिसंवेदी यंत्रावर आणण्याजोगा होता. त्या स्पर्धेच्या ऐन भरात तसे ठळकपणे घडले नाही, ही या इतिहासातील एक हुकलेली संधी मानावी लागेल.

किनेक्टचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण त्याचा दावा सर्वांत मोठा होता. खेळाडू हाच नियंत्रक, अशी त्याची जाहिरात होती. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख किनेक्ट विकली गेली आणि गिनीज बुकात सर्वाधिक वेगाने विकल्या गेलेल्या ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूचा विक्रम त्याच्या नावे नोंदविला गेला. मात्र हात रिकामा करणे म्हणजे शरीर मुक्त करणे नव्हे. दांडूला वजन असते, विटीला लागल्याचा झटका हातात येतो. लेझीम खेळताना हातातील लोखंडी झांजांचा नाद पुढील पाऊल ठरवितो. वस्तू गेली की प्रतिसादही गेला. किनेक्टवर चेंडू मारणारा खेळाडू हवेत हात फिरवितो आणि फटका लागला की नाही हे त्याला डोळ्यांनी वाचावे लागते. यंत्राला सांगाडा ओळखून पडद्यावर उतरविण्यास लागणारा विलंब सेकंदाच्या दशांशाच्या आसपास असल्याने चपळ क्रिया नेहमी मागे पडते. म्हणूनच किनेक्टवर ज्या प्रकारास खरे यश मिळाले तो नृत्याचा. हार्मोनिक्सचा 'डान्स सेंट्रल' (२०१०) यशस्वी ठरला, कारण नृत्यात हात मुळातच रिकामा असतो आणि पुढची हालचाल आधी ठाऊक असते.

किनेक्टच्या रचनेत एक घर गृहीत धरले होते. एका खेळाडूने यंत्रापासून सुमारे सहा फूट आणि दोघांनी सुमारे आठ फूट दूर उभे राहावे, मध्ये काही नसावे, अशी त्याची अपेक्षा होती. बीड तालुक्यातील नेकनूरसारख्या गावातले जुने माळवदाचे घर खणांनी मोजले जाते. खण म्हणजे दोन तुळयांमधील जागा. त्यात खांब असतात, भिंतीशी धान्याची पोती किंवा कोठी असते, आणि टीव्ही असलीच तर ती ज्या खोलीत असते तेथेच रात्री अंथरुणे पडतात. आठ फुटांची मोकळी, खांबविरहित जागा हा त्या घराचा हिशेबच नाही. विजेच्या भारनियमनाची गोष्ट तर त्या दशकातील मराठवाड्यात वेगळी सांगण्याची गरज नाही. २०१० मध्ये भारतात किनेक्टची किंमत सुमारे दहा हजार रुपये होती, तीही मूळ यंत्राची किंमत वगळून.

जागा आणि पैसा हे बाहेरचे अडथळे म्हणता येतील. अधिक मूलभूत अडथळा देहाच्या प्रतिमेचा आहे. किनेक्टचा सांगाडा उभ्या माणसाचा होता. बसलेला माणूस ओळखण्याची सोय मायक्रोसॉफ्टने संगणकावरील किनेक्टसाठी मे २०१२ मध्ये दिली; तीत कमरेच्या वरचे दहा सांधेच धरले गेले. खुर्चीवर बसलेला माणूस त्यात बसतो. मांडी घालून किंवा उकिडवा बसलेला माणूस, ज्याचे गुडघे आणि हात एकमेकांना झाकतात, तो अशा यंत्रासाठी सर्वांत अवघड आकार ठरतो. धोतर किंवा नऊवारीच्या घोळात पायांचे सांधे शोधणेही त्याला कठीण. येथे कोणी जाणूनबुजून कोणाला वगळले असे म्हणण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याला अवयव एकमेकांपासून सुटे दिसावे लागतात, ही तांत्रिक गरज आहे. परंतु अवयव सुटे ठेवून उभे राहण्याची सवय ज्या समाजाच्या दिवाणखान्यात होती, त्याच समाजासाठी ती गरज अडचण ठरली नाही.

निर्मात्यांच्या कल्पनेतील देह हा दिवसभर बसून काम करणारा देह होता. त्याला घाम यावा हेच त्या खेळांचे आकर्षण होते. २००७ मध्ये निघालेल्या 'वी फिट' या व्यायामफळीच्या संचाचा पाया तोच. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे ऊसतोडीला निघणाऱ्या बीड जिल्ह्यातील मजुराला खेळ म्हणून आणखी खांदा फिरविण्याचे आकर्षण का वाटावे, हा प्रश्न या स्पर्धेच्या चर्चेत कोठे आला नाही. तो येण्याची अपेक्षाही कोणी केली नसेल. परंतु 'जगभर' हा शब्द त्या काळात ज्या सहजतेने वापरला गेला, त्याची चिकित्सा करताना तो विचारणे भाग आहे.

स्पर्धेचा शेवट तंत्राने नव्हे, किमतीने केला. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनसोबत नवे किनेक्ट सक्तीचे केले. यंत्राची किंमत ४९९ डॉलर, तर सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची ३९९ डॉलर होती. जून २०१४ पासून किनेक्टशिवायचे यंत्र ३९९ डॉलरला मिळू लागले आणि २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबले. निन्टेन्डोच्या २०१२ मधील 'वी यू' ची विक्री दीड कोटीही झाली नाही. मूव्हचा नियंत्रक पुढे २०१६ च्या आभासी वास्तवाच्या शिरस्त्राणासोबत पुन्हा वापरात आला.

तोपर्यंत त्वरणमापक आणि घूर्णदर्शी या दोन्ही गोष्टी मोबाइल फोनमध्ये येऊन बसल्या होत्या. ज्या गावांत वी किंवा किनेक्ट क्वचितच पोहोचले असेल, तेथे ते संवेदक प्रत्येक खिशात आले. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती निघाली, २०२२ मध्ये तीही हटविली गेली आणि २०२३ मध्ये परतली. या सर्व काळात नेम साधण्यासाठी 'जायरो' चालू ठेवणारा खेळाडू आणि तो बंद ठेवणारा खेळाडू असा भेद मुलांच्या बोलण्यात रुळला. जायरो वापरणारा मुलगा पारावर किंवा ओसरीत मांडी घालून बसतो आणि फोन दोन्ही हातांनी किंचित कलता करतो. त्याला आठ फूट जागा लागत नाही, उभे राहावे लागत नाही, धोतर-नऊवारीचा प्रश्न येत नाही. ज्या बसण्याला किनेक्ट ओळखू शकले नाही त्याच बसण्यात गतिसंवेदी नियंत्रण स्थिरावले. मात्र खांदा, कंबर, पाऊल हे सारे त्यातून वगळले गेले असून हालचाल उरली आहे ती मनगटाच्या काही अंशांपुरती.